पालखीच्या दुपारी दुसरीकडे

कोर्टात ‘अ‍ॅलिबी’ म्हणतात ते मूळचं लॅटिन क्रियाविशेषण. अर्थ साधा, ‘दुसरीकडे’. दत्तारामांना हे समजावताना माझं डोकं उठलं. त्यांच्या चुलतभावाचा दुपारी बागेत खून झाला, तेव्हा आपण दुसरीकडे होतो एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

“शिमग्याच्या पालखीपुढे होतो, वकीलबाई. सगळ्या गावाने बघितलंय.”

“दरवर्षी पालखी नाचवता ना? मग यंदा का नाही नाचवलीत?”

“हात कसा लावणार? भावकीत माणूस गेलेला, सुतक नाय काय!”

प्रेत तर संध्याकाळी, पालखी देवळात परतल्यावर सापडलं होतं.

बाहेर त्यांचे साक्षीदार बसले होते, सगळे भावकीतले. त्यांच्यापैकी कोणी त्या दुपारी पालखीला हात लावला होता, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.