बिनविरोध

विषय पहिला: स्वागत

शारजातल्या अल मजाज भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाची वार्षिक सभा भरली. अध्यक्ष अण्णासाहेब थकून खुर्चीत टेकले. आधी नाशिकच्या कोर्टात वकिली, मग दुबईत खिडक्यांचा कारखाना, आणि कित्येक वर्षं हे अध्यक्षपद. कुणाचा पासपोर्ट मालकाने अडकवला, कुणाचं प्रेत गावी पाठवायचं, की फोन त्यांनाच.

विषय दुसरा: निवडणूक

"यंदा मला सोडा," अण्णासाहेब म्हणाले.

"दरवर्षी हेच म्हणता!" चिटणीस धनंजय हसला. "अण्णासाहेब, बिनविरोध. खलास!"

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात अण्णासाहेबांची बायको सुलक्षणा उठली. "माझा विरोध आहे."

"वहिनी, घरचं भांडण घरी!" धनंजय म्हणाला.

हशा पिकला. ती हसली नाही. "गेल्या महिन्यात हे चक्कर येऊन जिन्यात कोसळले. दुसरं कुणीतरी उभं राहू दे."

विषय तिसरा: नियम

नियमावली अण्णासाहेबांनीच लिहिलेली. विरोधाला आणखी एका सभासदाचं अनुमोदन मिळालं, तरच मतदान. कुणीच हात वर करेना. सुलक्षणा एकटक अण्णासाहेबांकडे बघत होती. तेही सभासद होतेच. हात वर केला की सुटका होती.

पण समोरची सगळी माणसं विश्वासाने बघत होती, आणि त्या नजरांची त्यांना सवय लागली होती. हात मांडीवरून हलला नाही.

"अनुमोदन नाही," ते म्हणाले. "विरोध फेटाळला."

सुलक्षणाने पर्स उचलली आणि ती गाडीत जाऊन बसली.

विषय चौथा: आभार

ते अध्यक्षांनीच मानले, टेबलाला धरून.