म्हशींच्या अलीकडे

दिवाळीच्या सुट्टीत शिडाच्या नावेतून अंभोऱ्याहून पवनीपर्यंत जायचं, असं मधुकररावांनी १९३५ सालच्या दसऱ्याला ठरवलं. सीताबर्डीवर त्यांची वकिली होती आणि ज्येष्ठ वकील गणपतरावांच्या मर्जीत बसायची त्यांना घाई झाली होती. विलायतेत शिकताना आपण शिडाच्या होडीतून सुट्ट्या काढत असू, असं गणपतराव एकदा सहज बोलून गेले. तेवढं पुरलं. मधुकररावांनी नकाशा मिळवला, कामठीच्या विणकराकडून जाड कापडाचं शीड करवून घेतलं, आणि रोज संध्याकाळी बैठकीत मुक्कामांची यादी मोठ्यानं वाचू लागले.

त्यांची बायको गोपिका अंभोऱ्याचीच. तिच्या बापाकडे वैनगंगेच्या घाटावरच्या नावांचा ठेका होता, नदी तिला अंगणासारखी पाठ होती. मधुकरराव हे विसरले नव्हते. बारा वर्षांच्या संसारात भांडण निघालं की ‘घाटावरची’ हा शब्द त्यांच्या तोंडून हमखास निघे. त्यावर रडणं तिनं केव्हाच सोडलं होतं. ती नुसती बघायची, आणि त्या बघण्याचाच त्यांना जास्त संताप यायचा.

एका संध्याकाळी गणपतराव बेत ऐकायला आले. गोपिका चिवडा घेऊन बाहेर आली तेव्हा तिसऱ्या दिवसाचं वाचन चाललं होतं. पहाटे निघायचं, वारा पाठीवर असेल, भर शिडानं दुपारच्या आत मोठं वळण पार करायचं. तिच्यानं राहवलं नाही.

“त्या वळणात शीड चढवून जाऊ नोका,” ती म्हणाली. “तिथं म्हशी आहेत.”

कसल्या म्हशी, असं गणपतरावांनी विचारलं. तिनं सांगितलं, ती खडकांची रांग आहे. नाताळात पाणी उतरलं की त्यांच्या काळ्या पाठी उघड्या पडतात, मग कोणीही नाव बाजूनं काढतो. पण दिवाळीत त्या वीतभर पाण्याखाली असतात, दिसत नाहीत, आणि शीड भरलेली नाव ऐन वेळी थांबत नाही.

मधुकरराव हसले. “घाटावर माणसं चढवणाऱ्याची पोरगी आता वकिलाले नदी शिकवून राहिली. आत जा वं. विचारल्याबिगर चार लोकांत तोंड उघडत नोको जाऊ.”

गणपतराव खाली मान घालून चिवडा निवडत बसले. गोपिकेनं ताटली ठेवली आणि ती आत गेली.

पुढे तिनं त्या विषयावर अक्षर काढलं नाही. नऊ दिवसांचे लाडू, चकल्या, शंकरपाळे तिनं मुकाट्यानं केले. कढईसमोर बसून तिला वाटे, जाऊ द्या. त्या पाठींवर नाव फुटू द्या, नाकातोंडात पाणी जाऊ द्या. असं मनात आल्याची तिला लाजही वाटली नाही. पण नाव कवडूची होती. कवडू तिच्या बापाचा जुना नावाडी. ती परकरात होती तेव्हा त्यानंच तिच्या हातात बांबू देऊन नाव रेटायला शिकवलं होतं. म्हाताऱ्याचं पोट त्या एका नावेवर होतं, आणि वकीलसाहेबांनी दरडावलं तर तो नाही म्हणणारा नव्हता.

सहल निघायच्या दोन दिवस आधी, भाऊबीजेला, तिचा भाऊ रुपराव अंभोऱ्याहून आला. ओवाळून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “कवडूले सांग, म्हशींच्या अलीकडे शीड उतरव, नाव काठाले लाव. हे काही म्हणोत, आयकू नोको. गोपिकेनं सांगतलं म्हणावं.”

भाऊजींनाच का सांगत नाही, असं रुपरावानं विचारलं.

“सांगतलं होतं,” ती म्हणाली.

नऊ दिवसांसाठी गेलेले मधुकरराव पाचव्या दिवशी परतले. धोतराला चिखल, पायाला फोड. काय घडलं ते त्यांनीच ओरडून सांगितलं. वळणाच्या अलीकडे कवडूनं शीड उतरवलं. मधुकररावांनी शिव्या दिल्या, स्वतः दोरी ओढायला गेले. कवडूनं नाव काठाला घातली आणि तो गणपतरावांदेखत म्हणाला, गोपिकाबाईचा निरोप हाये. मग गणपतरावांना बसवून तो बांबूनं रेटत हळूहळू पुढे गेला आणि वीतभर पाण्याखालचा खडक त्यानं टोचून दाखवला. परत येऊन गणपतराव एवढंच म्हणाले, “वहिनींनी सांगितलं होतं, मधुकरराव.” नंतर त्यांनी सहलच आटोपती घेतली. नाव काठाला बांधून बैलगाडी मिळेपर्यंत सगळे चालत गेले, वाट दाखवायला कवडूही होता, आणि वाटभर गणपतराव त्याच्याशीच बोलत होते.

“काहून केलं असं?” मधुकरराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “आता म्हणशील, तुमचा जीव वाचवला.”

“नाही म्हणणार. तुमच्यासाठी केलंच नाही. कवडूची नाव फुटली असती.”

त्यांचा हात उचलला गेला. ती जागची हलली नाही, डोळेही मिटले नाहीत. हात न मारताच खाली आला. रुपरावाला या घराचा उंबरा बंद, एवढं बोलून ते बैठकीत गेले.

डिसेंबरात गणपतरावांची चिठ्ठी आली. नाताळात पुन्हा निघू, आमच्या सौ. प्रेमिलाबाईही येतील, या खेपेला वहिनी सांगतील तसं जाऊ. मधुकररावांनी उलट टपाली कळवलं, की कुटुंबाची प्रकृती बरी नसल्यानं येणं होणार नाही.

बैठक झाडताना गोपिकेनं ती चिठ्ठी वाचली. आपण आजारी असल्याचं उत्तर गेलं आहे, हे तिला दोन दिवसांनी प्रेमिलाबाईंच्या मोलकरणीकडून कळलं. ती विचारपूस करायला आली होती. मधुकरराव कोर्टात गेल्यावर गोपिकेनं चांगलं लुगडं नेसलं, टांगा केला आणि धंतोलीला गणपतरावांच्या घरी जाऊन ती प्रेमिलाबाईंसमोर उभी राहिली.

“मी बरी आहे,” ती म्हणाली. “मी येईन. ह्यांचं मले माहीत नाही.”

मधुकरराव गेले नाहीत. गोपिका गेली. मोठ्या वळणात काळ्या पाठी पाण्याबाहेर आल्या होत्या. ती पुढच्या टोकाला उभी राहून हातानं दाखवत होती, मागून कवडू नाव वळवत होता, आणि गणपतराव आपल्या विलायतेबद्दल काही न बोलता बसले होते.

सहाव्या दिवशी दुपारी ती घरी आली. मधुकरराव बैठकीत वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. चुलीतली राख गार होती. इतके दिवस ते खाणावळीत जेवत होते. तिनं चूल पेटवली, भात-वरण केलं, आणि जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवली.