रिळांचा क्रम

त्या रविवारी सकाळी आमच्या सांगलीच्या फिल्म सोसायटीने एक जपानी चित्रपट लावला होता. फक्त सभासदांसाठी, फक्त प्रौढांसाठी. डब्यांवरचे आकडे जपानी लिपीत, त्यामुळे ऑपरेटरने रिळं अंदाजाने चढवली. पडद्यावर खाली इंग्रजी ओळीही नव्हत्या. भिंतीला भिंत लागून राहणारी दोन जोडपी आहेत आणि एका घरातली बाई दुसऱ्या घरातल्या पुरुषाकडे जाते, एवढं कळलं. पण ती आधी ढसाढसा रडली आणि त्याच्या अंथरुणात नंतर दिसली.

चित्रपट संपल्यावर आम्ही चौघं आमच्या खोलीत चहाला बसलो. मी, माझा नवरा पद्माकर आणि भिंतीपलीकडचे गंगाधरपंत व शरयूवहिनी. गंगाधरपंत मिरज स्टेशनात नोकरीला. रात्रपाळी करून थेट थिएटरवर आले होते. मी साताऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. आठवडाभर तिथे मामांकडे राहते आणि शनिवारी एस.टी.ने सांगलीला येते.

"ती आधीच कशी रडली बुवा?" गंगाधरपंतांनी विचारलं. "काही केलेलंच नव्हतं तिनं."

"रडून मग जाता येत नाही का?" शरयूवहिनी म्हणाल्या.

"रिळं उलटसुलट लागली हो," पद्माकर म्हणाला. "सरळ आहे. नवरा रात्रपाळीला गेला की ही एकटी. भिंतीवर टकटक करायची, मग तो दार उघडायचा."

गंगाधरपंत हसले. "पद्माकरराव, झोपला होता की काय? रात्रपाळी कुठली? टाय लावून दिवसा कचेरीत जात होता की तो! आणि टकटक?"

"चहात साखर कमी आहे," शरयूवहिनी म्हणाल्या.

साखर बरोबर होती. मीच घातली होती.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. न कळणाऱ्या चित्रपटात माणूस आजूबाजूचं काहीही भरतो. गंगाधरपंतांच्या रात्रपाळ्या आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होत्या. पण टकटक पद्माकरने कुठून आणली? संध्याकाळी तो गच्चीवर गेला तेव्हा मी भिंतीवर बोटाने वाजवून पाहिलं. पलीकडे लगबगीने कोणीतरी उठलं. मग शांत झालं. गंगाधरपंत तर बाजारात गेले होते.

सोमवारी सकाळी पिशवी घेऊन निघाले, तर दारात शरयूवहिनी. डोळे सुजलेले.

"विजूताई, या आठवड्यात जाऊ नका साताऱ्याला."

"का हो?"

"नका जाऊ. एवढं ऐका माझं."

मी त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. हे रडणं काही घडल्यानंतरचं की घडण्याआधीचं? आणि त्या मला वाचवत होत्या की स्वतःला?

"अगं विजू, बस चुकेल!" पद्माकर आतून ओरडला.

मी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि चपला काढल्या.

"चुकू दे," मी म्हणाले.

शरयूवहिनी अजून दारातच उभ्या होत्या.