पाण्याकडची बाजू

आमच्या वर्सोव्याच्या गल्लीत मुली सुतारकाम करत नाहीत. म्हणजे, मी सुरू करेपर्यंत करत नव्हत्या. मे महिन्यात मी भिकाजीकाकांकडे, होड्या दुरुस्त करणाऱ्या आमच्या सुतारकाकांकडे, रंधा मारायला शिकले आणि थेट कपाटालाच हात घातला. हातभर उंचीचं, बाबांसाठी. समुद्रावर जाताना बाबा घड्याळ घरी काढून ठेवतात आणि आल्यावर घर डोक्यावर घेऊन शोधतात. आता त्याला हक्काची जागा!

डिझाइन माझं. आजोबांची मोडीत काढलेली होडी खाडीकाठी पडून होती. तिच्या काळ्याभोर सागाच्या चार फळ्या घेतल्या, दोन बाजूंना, पाठीला आणि तळाला. दार आणि माथा पिवळ्याधमक फणसाचा, मढहून आणलेला. काळ्याशेजारी पिवळं, काय उठून दिसत होतं! सागाची एक बाजू तेल पिऊन गुळगुळीत झालेली, दुसरीवर शिंपल्यांचे पांढरे ओरखडे. साहजिकच गुळगुळीत बाजू मी बाहेर घेतली. एकही खिळा नाही, नुसतं खाचेत खाच. आईला दाखवलं.

“झकास गं रुचिरा,” ती म्हणाली, “आता तो भुसा कोण झाडणार?”

मंगळवारी बाबा गेले, पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायच्या आधीची शेवटची फेरी. मी घड्याळ कपाटात ठेवलं.

बुधवारी आत ओल. बोट लावून चाटलं तर खारट. जुनं लाकूड मीठ सोडत असेल म्हणून पुसून काढलं. गुरुवारी तळाला बोटभर पाणी. बाहेरून कपाट ठणठणीत कोरडं. वासही जुन्या लाकडाचा नाही, ताज्या समुद्राचा.

शुक्रवारी दुपारपर्यंत बाबा यायला हवे होते. चार वाजले, फोन लागेना. आई जेट्टीवर जाऊन उभी राहिली. मी भिकाजीकाकांना ओढत घरी आणलं.

“काय गो, पॉलिशची वाट लावलीस वाटतं,” म्हणत त्यांनी दार उघडलं.

पाणी घड्याळाच्या वर चढलं होतं. दार सताड उघडं, तरी एक थेंब बाहेर सांडेना. पंखा बंद होता आणि आत बारीक लाटा फळीवर आपटत होत्या.

“ओरखड्यांची बाजू आत घेतलीस?”

“बाहेर घाण दिसली असती ना!”

“अगो, ती पाण्याकडची बाजू. होडी समुद्राला बाहेर ठेवते. तू त्याला आत घेतलंस.” मग हळूच विचारलं, “घड्याळ कोणाचं?”

“बाबांचं!” म्हणत मी हातच घातला. बर्फासारखं पाणी. कोपर बुडालं, खांदा दाराला टेकला, तरी तळ लागेना. घड्याळ समोर दिसत होतं, बोटांना मिळत नव्हतं.

“फोडते मी हे,” म्हणत मी लाकडी हातोडी घेतली. पाठ निघाली तसं पाणी झरझर उतरलं. कुठे गेलं कोण जाणे, टेबल कोरडंच. डावी बाजू निघाली. उजवी हटेना, मी जीव खाऊन हाणत सुटले. तेवढ्यात फोन वाजला. बाबा! मी हातोडी खाली ठेवून स्पीकरवर घेतला.

“रुचे, आलो गं. मढ दिसतंय. कालपासून होडीत पाणी घुसत होतं, चौघं नुसते उपसतोय. आत्ता एकदम उतरलं.”

मी रडायलाच लागले.

“पण ऐक ना, तळाला खालून कोणीतरी धाडधाड ठोकत होतं. दोन फळ्या पार खिळखिळ्या केल्यान्.”

“खालून?”

“पाण्यातून गं. फोन लागला आणि थांबलं बघ.”

भिकाजीकाकांनी हातोडी उचलून खिडकीबाहेर फेकली. टेबलावरच्या दोन सुट्या फळ्या घेतल्या, उलटवल्या, ओरखडे बाहेर, आणि जागेवर लावून दोन्ही तळव्यांनी दाबल्या. “उजवी तू धर. सोडू नको.”

मी धरली. आतून कोणीतरी तिला ढकलत होतं. जोरात नाही, पण न थांबता. हाताला मुंग्या आल्या, मग हात जाणवेनासे झाले. जेट्टीकडून आईची हाक आली, “आले गं, आले!” तरी काका म्हणाले, “होडीचा दोर बांधू दे त्यांना. तोवर नाय.”