सोमारीची तीच पहाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी देव आहे. आलापल्लीच्या जंगलातल्या एका लहान गावाच्या शिवेवर, झुडपात आडवा पडून आहे. एका अंगाला वाळवी लागली आहे. पण एके काळी मी उभा होतो, आणि एका मुलीचा भार माझ्यावर होता.

तिचा बाप लालसू जंगलतोडीच्या कामावर होता. त्याची पहिली तीन लेकरे गेली होती. चौथी सोमारी जगली, तेव्हा त्याने कामावर टाकाऊ ठरलेला एक ओंडका मागून आणला आणि आठ दिवस खपून मला घडवले. त्याची बायको कमळा हिने पोरीच्या मनगटाचा धागा माझ्या कमरेला बांधला. म्हणाली, "देवा, हिले सांभाळजो." त्या दिवसापासून मी सोमारीचा झालो.

१९५५ सालच्या चैत्रात सोमारी दहा वर्षांची होती आणि धाकटी चंदा तीन वर्षांची. कमळा दोघींना घेऊन पहाटे मोहफुले वेचायला गेली. झाडाखाली अस्वल आले आणि चंदावर धावले. सोमारी मध्ये उभी राहिली. चंदा वाचली. सोमारी गेली.

मी दिवस मागे फिरवला. तेवढी शक्ती माझ्याजवळ होती. पुन्हा तीच पहाट झाली आणि सोमारी दचकून उठून बसली. आम्ही एका धाग्याने बांधलेले होतो, म्हणून झालेले सारे फक्त आम्हां दोघांना आठवत होते.

या वेळी तिने पोटदुखीचे सोंग केले आणि चंदाला घरीच ठेवून घेतले. दुपारी सरपणातून साप निघाला. चंदाचा हात तिथेच होता. सोमारीने आपला हात पुढे केला. मी पुन्हा दिवस फिरवला. मग ती चंदाला घेऊन मामाच्या गावाला निघाली, तर वाटेतल्या डोहात चंदाचा पाय घसरला आणि तिला काठावर ढकलताना सोमारी बुडाली. तेव्हा मला कळले, त्या दिवसाला त्या घरातला एक जीव हवाच होता. दिवस फिरवणे माझ्या हाती होते, ते मागणे पुसणे नव्हते. तरीही मी फिरवत राहिलो. किती वेळा, ते मला सांगवत नाही.

एका पहाटे मात्र अस्वल दिसताच सोमारी झाडावर चढली. लेकरूच ती, भ्याली. त्या दिवशी चंदा गेली.

घरात रडारड चालली असताना ती एकटी माझ्याकडे आली आणि पायाशी बसली. तिने सांगितले की दर वेळी तितकेच दुखते, त्याची सवय होत नाही. पहाटे डोळा उघडला की आधी तेच आठवते. मग हळूच म्हणाली, "आजचा दिवस परतव, देवा. चंदी लहान आहे. आन् मंग पुन्हा परतवू नोको. मी लय थकली."

मी तिचे ऐकले.

त्या शेवटच्या पहाटे तिने चंदाचे केस विंचरले आणि आंबील अगदी सावकाश प्यायली. कमळाने विचारले, "काऊन वं, आज इतका उशीर करून राह्यली?"

"गोड लागून राह्यली, माय," ती म्हणाली.

मग तिघी मोहाकडे गेल्या. मी सारे पाहिले आणि काही केले नाही.

दुसऱ्या दिवशी खरोखरच दुसरा दिवस उगवला. कमळा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने शिव्या दिल्या नाहीत. "तू पाहून राह्यला होता ना?" एवढेच म्हणाली, आणि मला उपटून झुडपात टाकले. लालसूने तिला अडवले नाही. मला पुन्हा कोणी शेंदूर लावला नाही.

चंदा मोठी होऊ लागली. गाई चारून परतताना ती कधी माझ्यावर बसून पायातला काटा काढायची. बहिणीचा चेहरा तिला आठवत नव्हता.

मित्रांनो, मला उभे करा असे मी म्हणत नाही. सोमारी मला हवी होती, म्हणून मी तिला धरून ठेवले. तिचे काय होते आहे, हे तिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नाही. तुमच्या घरातही सगळ्यांसाठी पुढे होणारी एखादी पोर असेल. तिच्याजवळ बसा. तिला कसे वाटते ते विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हांला येते.