होरिगोमेंच्या घरचा भात

कायोबाईंनी पुढे ठेवलेला चहा फुसाएनं दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवला. त्या घरात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हे ती गाडीत बसतानाच ठरवून आली होती. कायोबाईंनी ते पाहिलं. पाहुणी तोंड उघडेपर्यंत त्या खिडकीतून समुद्राकडे बघत बसल्या. अशा माणसांची त्यांना सवय होती. कायोबाई म्हणजे लेखक होरिगोमे तेइगान यांची मुलगी. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांना शिव्या घालायला नाहीतर डोक्यावर घ्यायला कोणी ना कोणी या गावात उतरतच होतं.

गावालाही या माणसाचं काय करावं ते अजून सुधरत नव्हतं. बसच्या ड्रायव्हरनं फुसाएला येतानाच सांगितलं होतं. स्मारकाचा दगड कोरून आला आणि अर्धं गाव विरोधात गेलं. तेव्हापासून तो दगड मासळी बाजाराच्या मागे पालथा पडला होता आणि बायका त्यावर माकूळ वाळत घालत होत्या.

"म्हणजे दगड काही अगदीच वाया गेला नाही," ड्रायव्हर म्हणाला होता. "तुम्ही कुठल्या बाजूच्या? उभा करा म्हणणाऱ्या की पालथाच राहू द्या म्हणणाऱ्या?"

"तेच ठरवायला आलेय."

शाळेतली शिवणकाम शिकवण्याची नोकरी संपल्यापासून फुसाए हेच करत होती. एका प्राध्यापकानं तिला सांगितलं, तो काळच तसा होता. एक म्हातारा संपादक म्हणाला, पोटासाठी लिहिलं हो त्यांनी. आणि होरिगोमेंची पुस्तकं अजून उशाशी घेऊन झोपणारे एक गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, शब्द न् शब्द मनापासून लिहिलेला होता. प्रत्येकाच्या खिशात आपापले होरिगोमे होते. तिला हवं होतं ते एवढंसंच. या माणसानं लिहिलेलं त्याला स्वतःला पटलेलं होतं का? पटलेलं असेल तर तो मूर्ख होता, आणि मूर्खाला माफ करता येतं. तिलाही आता साठी उलटल्यावर हे ओझं कुठेतरी उतरवायचं होतं.

"मला त्यांच्या एका लेखाबद्दल विचारायचंय," ती म्हणाली. "ताटाच्या."

कायोबाईंनी नुसती मान हलवली. त्या वयाच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नसे.

घरातलं माणूस लांब गेलं की जेवणाच्या वेळी त्याच्या जागेवर त्याचंही ताट मांडायचं, ही घरोघरची रीत. फुसाएचा थोरला भाऊ तामोत्सु लढाईवर गेला, तेव्हा त्यांच्या डोंगरातल्या घरीही आई रोज त्याचं ताट मांडायची. भाताच्या वाटीवर झाकण घालायची आणि सगळ्यांची जेवणं झाली की श्वास रोखून ते झाकण उचलायची. आतून पाण्याचे थेंब धरलेले असले म्हणजे पोरगा सुखरूप आहे. मग तो भात घरातल्या सगळ्यात धाकट्यानं खायचा, म्हणजे फुसाएनं. त्या दिवसांत बाकीच्यांच्या वाटीत मुळ्याची पेज असायची, भात असायचा तो फक्त दादाच्या. जाण्याआधीही भांड्याच्या तळाची खरवड तो स्वतः न खाता तिच्या वाटीत टाकायचा. तिला वाटायचं, अजूनही तोच टाकतोय.

मग होरिगोमेंचा तो लेख आला. सरपंचांनी गावच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचून दाखवला. जो देशाला दिला, त्याचं ताट मांडणं म्हणजे दिलेलं परत मागणं, असं त्यात होतं. बायकांनी मान खाली घालून ऐकलं आणि एकेका घरातलं ताट उठलं. फुसाएच्या आईनं काही दिवस दार लावून घेऊन मांडलं, पण शेजारणी टोमणे मारायला लागल्या, तेव्हा एक दिवस तिनंही वाटी धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिली. त्यानंतरच्या वसंतात तामोत्सु गेल्याची बातमी आली.

"मी ताट उचललं आणि माझा पोरगा उपाशी गेला, हे आई मरेपर्यंत म्हणायची," फुसाए म्हणाली. तिचा आवाज शिक्षिकेचा होता, तो तिनं चढू दिला नाही. "मला एवढंच सांगा. तुमच्या वडिलांना ते पटलेलं होतं का?"

कायोबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आतून त्यांनी लाखेची एक काळी वाटी आणली. झाकणाच्या आतला लाल रंग मधोमध विटून गेला होता.

"ही शुंजीची. माझा भाऊ. तोही गेला होता लढाईवर." त्यांनी वाटी दोघींच्या मध्ये ठेवली. "लेख छापून आला त्या संध्याकाळीही हिच्यात भात होता. बाबा स्वतः वाढायचे, खिडक्या लावून. पुढे सरकारकडून शुंजीची पेटी आली. अस्थी म्हणून आत एक खडा होता. तरी वाढायचं काही थांबलं नाही, अगदी ते स्वतः जाईपर्यंत."

फुसाएनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आम्हाला नको म्हणाले. आणि स्वतःच्या घरात…"

"हो."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"एकदा विचारलं. अगदी ओरडून. तर मला म्हणाले, भात गार होतोय."

म्हणजे मूर्ख नव्हता. फुसाएनं पिशवी जवळ ओढली. बस अजून मिळाली असती.

"गरम भातावर झाकण घातलं की थेंब धरणारच, बाई," कायोबाई वाटीकडे बघत म्हणाल्या. "बाबांना काय ते कळत नव्हतं? म्हणून तर शेगडी विझू द्यायचे नाहीत."

फुसाएचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. आईसुद्धा दादाचा भात सगळ्यांत शेवटी काढायची. चुलीवरच्या भांड्यातून, बोटं भाजत, घाईघाईनं. इतक्या वर्षांत हे तिला एकदाही आठवलं नव्हतं.

"काय आवडायचं तुमच्या दादाला?" कायोबाईंनी विचारलं.

"खरवड," फुसाए म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कायोबाई स्वयंपाकघरात गेल्या. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग जाड बुडाच्या भांड्याचा, मग बऱ्याच वेळानं भात करपत असल्याचा वास. त्या भांडं मुद्दाम उतरवत नव्हत्या. बस निघून गेली ती फुसाएला बसल्या जागी ऐकू आली.

कायोबाईंनी आपलं ताट आणलं आणि रिकाम्या जागी शुंजीची वाटी झाकण घालून ठेवली. फुसाएपुढे त्यांनी काही वाढलं नाही. चहाचं त्यांच्या ध्यानात होतं. त्या सावकाश जेवल्या, लोणच्याचा शेवटचा तुकडाही त्यांनी संपवला, आणि मग वाटी फुसाएकडे सरकवली.

"तुम्ही उघडा."

फुसाएनं झाकण उचललं. आतून सगळं थेंबांनी भरलं होतं. एक थेंब घरंगळून तिच्या मनगटावर पडला, आणि शेवटी का होईना, तिला बरं वाटलं.

"रीतीप्रमाणे धाकट्यानं खायचा," कायोबाई म्हणाल्या. "मी तर आता सत्तरीच्या पुढे आहे."

फुसाएनं चॉपस्टिक्स उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या.

"तुमच्या वडिलांना मी माफ केलेलं नाही."

"मीही नाही," कायोबाई म्हणाल्या. "खा आता. भात गार होतोय."