धुतलेले हात

भाईंदर पूर्वेच्या त्या नर्सरीत मुलांना पाणी डब्यानंतरच मिळे. आधी प्यायली की पोरं चड्डी ओली करतात, आणि टीचरने शू-शीला हात लावायचा नाही, हा नियम. त्यासाठी भीमाबाई होत्या. त्यांनी मुलं धुवायची, पण डबे उघडायचे नाहीत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे संपदा टीचर काही वर्षं डेन्मार्कला राहिली होती, तिथल्या बालवाडीत कामही केलं होतं. तिथली मुख्य शिक्षिका लंगोट बदलायची, हात धुवायची आणि मुलांना सफरचंद कापून द्यायची. पोर आपली चड्डी आपण वर ओढायला शिकलं, की तोच त्या दिवसाचा धडा. संपदाने हे सांगितलं तेव्हा मुख्याध्यापिका हंसा मॅडम गोड हसल्या होत्या. "उन लोगों का अलग है. आपल्याकडे टीचर म्हणजे टीचर."

त्या दिवशी भीमाबाई दवाखान्यात गेल्या होत्या. तीन वर्षांच्या नीरजला वर्गात शी झाली. त्या येईपर्यंत त्याला दाराबाहेर उभं केलं. रडून रडून तो गप्प झाला, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं.

संपदा शाळेच्या ऑफिसातून वर्गाकडे परतली, तर पोर तसंच उभं. तिने त्याला मोरीत नेऊन धुतलं, कोरडी चड्डी घातली. साबणाने हात धुऊन त्याचा डबा उघडायला घेतला.

"रहने दो," हंसा मॅडम दारातून म्हणाल्या. "आज डब्यांना हात नको लावू."

"हात धुतलेत मी."

"धुतलेत गं. पण तरी..."

संपदाच्या अंगाची लाहीलाही झाली. हात तर भीमाबाईही रोज धुवत होत्या. हे 'पण तरी' त्या रोज गिळत होत्या.

तिने डबा उघडला, नीरजला भरवलं. भीमाबाई आल्यावर विचारलं, "मावशी, उद्यापासून डबे माझ्याबरोबर उघडाल?"

"मी कधीची तयार हाय. विचारलं कोणी?"

शाळा सुटताना संपदाने फाटकात मुलांच्या आयांना सगळं सांगितलं. नीरजची आई कळवळून म्हणाली, "पण मिस, तुम्ही कशाला? मावशी आहेत ना?"

"आहेत. उद्यापासून मुलं आम्ही दोघी धुणार आणि डबेही दोघी उघडणार. कुणाला चालणार नसेल तर का ते आत्ता सांगा. मावशींसमोर, मोठ्याने."

भीमाबाई शेजारीच उभ्या होत्या. कुणीच बोललं नाही. असलं मोठ्याने बोलायची आपल्यात पद्धत नाही.